सहा हजारांचे मुखत्यारपत्र

मुखत्यारपत्र हा वकिली व्यवहारातला कागद. आपल्या वतीने कोर्टात किंवा कचेरीत बोलण्याचा अधिकार आपण दुसऱ्याला देतो, खाली सही करतो किंवा अंगठा उठवतो आणि मग तो माणूस जे बोलेल ते आपले बोलणे ठरते. १८७० साली पुण्यातल्या गणेश वासुदेव जोशी या वकिलांनी हा कागद कोर्टाबाहेर काढला आणि राजकारणात आणला.

निमित्त घरगुती म्हणावे असेच होते. पर्वती देवस्थानच्या कारभाराबद्दल पुण्यात बरीच कुरबूर होती. तक्रार करायची तर कोणी करायची, आणि करणाऱ्याला तो अधिकार दिला कोणी, हा प्रश्न उभा राहिला. शहरातली चार प्रतिष्ठित माणसे अर्जावर सह्या करून साहेबाकडे गेली, तर ‘हे तुमचे म्हणणे झाले, लोकांचे कशावरून?’ असे त्यांना कोणीही विचारू शकत होते. जोशींनी याचे उत्तर वकिलाच्या पद्धतीने शोधले. २ एप्रिल १८७० रोजी पुणे सार्वजनिक सभा स्थापन झाली तेव्हा नियम असा ठरला की, ज्याला सभासद व्हायचे त्याने निदान ५० प्रौढ माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे. जातीची अट नव्हती. सुरुवातीला ९५ प्रतिनिधी निवडले गेले आणि त्यांच्यामागे सुमारे ६,००० लोकांची संमती होती. औंधचे पंतप्रतिनिधी अध्यक्ष झाले. जोशींना पुढे सारा महाराष्ट्र ‘सार्वजनिक काका’ म्हणून ओळखू लागला.

मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळात त्या वेळी लोकांनी निवडून दिलेला एकही माणूस नव्हता. जे काही देशी सभासद होते ते गव्हर्नरने नेमलेले. अशा काळात सहा हजार लोकांनी सही करून आपला माणूस निवडला, ही गोष्ट मला सभेच्या पुढच्या सगळ्या कामाहून मोठी वाटते. पण हे सभासद होते कोण, तेही पाहिले पाहिजे. सरदार, इनामदार, सावकार, वकील, पेन्शनीत निघालेले अंमलदार अशीच बहुतेक मंडळी. नियमात जात नव्हती, पण सभागृहात ती होती. याचे परिणाम पुढे येतात.

सरकारकडे दाद मागणे ही गोष्ट काही पुणेकरांनी शोधून काढली नव्हती. राजाकडे, पेशव्यांकडे गाऱ्हाणी नेण्याची चाल जुनीच. इंग्रजी अंमलात तिचे सर्वांत करुण उदाहरण साताऱ्याचे आहे. कंपनीने १८३९ मध्ये छत्रपती प्रतापसिंहांना गादीवरून काढून काशीला पाठवले. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि १८५३ पर्यंत तिथेच झगडत राहिले. कंपनीचे संचालक, भागधारकांच्या सभा, पार्लमेंटचे सभासद, वर्तमानपत्रे, सगळीकडे त्यांनी कागद पोचवले. काही इंग्रजांनी मनापासून साथही दिली. दरम्यान १८४७ मध्ये महाराज काशीला वारले आणि पुढच्याच वर्षी त्यांचे बंधू शहाजी गेल्यावर राज्यच खालसा करण्यात आले. ज्याच्यासाठी अर्ज करायचा तो राजा गेला, जे मागायचे ते राज्य गेले, आणि रंगो बापूजी रिकाम्या हाताने परतले. १८५७ मध्ये साताऱ्याच्या कटात त्यांचे नाव पुढे आले, मुलाला देहान्त शिक्षा झाली आणि स्वतः रंगो बापूजी नाहीसे झाले ते इंग्रजांना कधीच सापडले नाहीत. चौदा वर्षे सनदशीर मार्गाने दाद मागणारा हाच माणूस अखेर बंडात का गेला, हे कळायला मोठ्या ग्रंथांची गरज नाही.

रंगो बापूजींचा अर्ज एका राजासाठी होता. सबंध इलाख्याच्या नावाने अर्ज करण्याचे काम मुंबईत सुरू झाले. २६ ऑगस्ट १८५२ रोजी स्थापन झालेल्या बॉम्बे असोसिएशनमध्ये जगन्नाथ शंकरशेट, डॉ. भाऊ दाजी लाड, दादाभाई नौरोजी ही मंडळी होती. कंपनीच्या सनदेची मुदत संपत आली होती. ती साधून त्यांनी पार्लमेंटला अर्ज पाठवला. कायदे करणाऱ्या मंडळात देशी माणसे घ्या, वरच्या नोकऱ्यांची दारे उघडा, असा त्याचा मुख्य रोख होता. १८५३ च्या कायद्यात कायदेमंडळाची जागा काही मिळाली नाही. ती १८६१ च्या कायद्याने नेमणुकीच्या रूपात मिळाली आणि मुंबईच्या कौन्सिलात शंकरशेट जाऊन बसले.

पुण्याच्या सभेने या परंपरेत जी भर घातली ती चौकशीची. १८७१ मध्ये महादेव गोविंद रानडे न्यायखात्यातल्या नोकरीवर पुण्यात आले. सरकारी नोकर असल्याने अर्जावर त्यांची सही नसे, पण सभेच्या कागदांमागचे डोके पुष्कळदा त्यांचेच असे. अर्जाआधी माहिती, हा त्यांचा आग्रह होता. सारा जास्त आहे अशी नुसती ओरड करून भागणार नाही. तो कुठल्या तालुक्यात, कुठल्या साली, किती वाढला, जमिनीची प्रत काय, भाव काय होते, कुणब्याच्या हाती खर्च वजा जाता काय उरते, हे सगळे सांगता आले पाहिजे.

त्याला कारणही तसेच घडले होते. दख्खनमध्ये पहिली रयतवारी जमाबंदी इंदापूर तालुक्यात १८३६ च्या सुमारास ३० वर्षांच्या कराराने झाली. ती मुदत संपल्यावर १८६७ मध्ये फेरपाहणी झाली आणि सारा ५० टक्क्यांहून अधिक वाढला. फेरपाहणीची वेळ वाईट होती. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस बंद झाला होता आणि काही वर्षे इथल्या मालाला सोन्याचा भाव आला होता. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले, पण साऱ्याचे नवे आकडे तेजीच्या काळाकडे पाहून बसवलेले. भीमथडी, हवेली अशा शेजारच्या तालुक्यांतही तेच. सभेने पोटसमिती नेमली, गावोगावची माहिती जमवली आणि १८७३ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांच्या स्थितीवर अहवाल तयार केला. १८७४ च्या ऑक्टोबरात मुंबई सरकारने ठराव करून वाढीला मर्यादा घातली: सबंध तालुक्यावर ३३ टक्के, एका गावावर ६६ टक्के आणि एका खातेदारावर १०० टक्के, याहून जास्त वाढ नको. याचे सगळे श्रेय सभेला देणे बरोबर होणार नाही. पण सरकारचेच आकडे घेऊन सरकारशी वाद घालता येतो, हे त्या अहवालाने दाखवून दिले.

खातेदारावर १०० टक्क्यांची मर्यादा, याचा अर्थ नीट लक्षात घ्या. एखाद्या कुणब्याचा सारा एका फेरपाहणीत दुप्पट झाला तरी तो नियमात बसत होता. १८७५ च्या १२ मे रोजी भीमथडी तालुक्यातल्या सुपे गावात बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांच्या पेढ्यांवर हल्ला केला. त्यांना पैशांपेक्षा कागद हवे होते. कर्जरोखे, गहाणखते, हुकूमनामे बाहेर काढून त्यांनी पेटवून दिले. हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरले. सरकारने आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला. सभेचा सगळा भर सरकारी साऱ्यावर होता. सावकाराच्या व्याजाबद्दल तिचा सूर बराच मऊ. ज्यांच्या मुखत्यारपत्रावर सभा उभी होती त्यांत सावकारही होते, हे इथे विसरता येत नाही.

याच वर्षांत सभेने पार्लमेंटकडे एक धाडसी मागणी केली. हिंदुस्थानचे प्रतिनिधी थेट पार्लमेंटमध्ये घ्यावेत. अर्जावर २१ हजारांहून अधिक सह्या होत्या. आगगाडी तालुक्यांपर्यंत पोचलेली नाही, बहुसंख्य लोक निरक्षर, अशा प्रदेशात इतक्या सह्या जमवायच्या म्हणजे कोणीतरी गावोगाव जायचे, चावडीत किंवा देवळात बसायचे, कागदात काय लिहिले आहे ते मराठीत समजावून सांगायचे आणि मग सही घ्यायची. पार्लमेंटने मागणी मान्य केली नाही. पण ज्याने सही केली त्याला आपण काहीतरी मागितले आहे, एवढे नक्की ठाऊक झाले.

मग १८७६ चा दुष्काळ आला. सभेच्या कामातले हे पर्व मी सगळ्यांत वर ठेवतो. तालुक्यातालुक्यांतून तिची माणसे कळवत होती: पाऊस किती झाला, ज्वारीचा भाव काय, कुठले गाव ओस पडले, सरकारी कामावर किती जण आहेत, मजुरी किती मिळते. सभा ही माहिती जुळवून मुंबई सरकारला पाठवत होती. १८७७ च्या आरंभी सर रिचर्ड टेंपल दुष्काळी कामाच्या पाहणीसाठी आले. खर्च कमी करण्याचा त्यांना हुकूम होता. दुष्काळी कामावरच्या माणसाला दिवसाला एक रत्तल धान्य पुरेल असे त्यांनी ठरवले. वर मिठामिरचीला जेमतेम पुरतील एवढे पैसे. एक रत्तल म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम. एवढ्यावर दिवसभर उन्हात खडी फोडायची, माती उपसायची.

सभेने याविरुद्ध लिहिले आणि लोकांनी त्याहून ठळक उत्तर दिले. मुंबई इलाख्यातल्या दुष्काळी कामांवरून हजारो माणसे काम टाकून निघून गेली. उपाशी माणसाने मजुरी नाकारावी, यात किती अपमान साठला असेल याची कल्पना करा. आणि त्याच वर्षी गव्हर्नर वोडहाउस गेल्यावर मुंबईच्या गव्हर्नरपदावर आले ते टेंपलच. म्हणजे एक रत्तलाविरुद्धचा कागद आता ज्यांनी तो रत्तल ठरवला त्यांच्याच टेबलावर जाणार. अर्जाच्या राजकारणाची अडचण इथे उघडी पडते. तक्रार ज्याच्याविरुद्ध, न्यायाधीशही तोच. वर भारतमंत्र्यांकडे दाद मागायची तर तो कागदही इथल्या सरकारच्या हातूनच विलायतेला जायचा.

दुष्काळ ऐन भरात असताना १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीत दरबार भरला. व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर करायचे होते. जरीचे अंगरखे, हत्ती, तोफांच्या सलाम्या. सभेतर्फे सार्वजनिक काका तिथे गेले ते खादीचे कपडे घालून. सभेच्या मानपत्रात राणीचा जयजयकार होता आणि त्याबरोबर, तिच्या ब्रिटिश प्रजेला जो राजकीय आणि सामाजिक दर्जा आहे तोच हिंदी प्रजेला मिळावा, अशी मागणीही होती.

दोन वर्षांनी वासुदेव बळवंत फडक्यांचे बंड झाले. फडके पुण्यात लष्कराच्या हिशेबखात्यात कारकून होते. रानड्यांची व्याख्याने त्यांनी ऐकली होती, दुष्काळातली माणसे डोळ्यांनी पाहिली होती. त्यांनी अर्जाचा रस्ता सोडला. पण त्यांच्यावर खटला उभा राहिला तेव्हा वकीलपत्र घ्यायला पुढे झाले ते अर्जवाले काकाच. सरकारचा संशय रानड्यांवरही होता. त्यांची बदली नाशिकला आणि मग १८७९ मध्ये धुळ्याला झाली, आणि तिथे त्यांची पत्रे फोडून वाचली जात असत. अर्ज करणारे आणि बंड करणारे यांच्यात आज आपण जेवढी मोठी भिंत घालतो तेवढी त्या काळच्या सरकारला दिसत नव्हती. काका १८८० मध्ये वारले.

रानड्यांबद्दलची एक आठवण गोपाळ कृष्ण गोखले यांनी सांगून ठेवली आहे. खपून तयार केलेल्या अर्जाला सरकारचे कोरडे, दोन ओळींचे उत्तर आले म्हणून तरुण गोखले खट्टू झाले होते. रानड्यांनी त्यांना समजावले की, हे अर्ज नावाला सरकारच्या पत्त्यावर जातात. खरे पाहता ते आपल्याच लोकांसाठी लिहिलेले असतात, अशा विषयांवर विचार कसा करायचा ते त्यांना कळावे म्हणून. दुसऱ्या कशाचीही अपेक्षा न ठेवता हे काम पुष्कळ वर्षे करत राहावे लागेल. सभेने १८७८ पासून इंग्रजी त्रैमासिक काढले आणि आपले अर्ज त्यात छापले, तेही याच हेतूने. अडचण एवढीच की, ‘आपले लोक’ या दोन शब्दांत कोण येत होते आणि कोण बाहेर राहत होते, हे रानड्यांना वाटले तेवढे सरळ नव्हते.

जोतीराव फुल्यांनी तो प्रश्न उघडपणे विचारला. सभा सर्वांच्या नावाने बोलते, पण तिच्यात शूद्र आणि अतिशूद्र कुठे आहेत? ते विचारून थांबले नाहीत. त्यांनी स्वतःचे निवेदन लिहिले. ऑक्टोबर १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे त्यांनी मांडले की, सरकारी तिजोरी शेतकऱ्याच्या घामातून भरते आणि शिक्षणावरचा पैसा मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे वळतो. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, शिक्षक शेतकरी वर्गातून तयार करा. ते अभ्यासक्रम, पगार, शाळांची तपासणी अशा तपशिलात शिरले. माझ्या मते एकोणिसाव्या शतकातल्या महाराष्ट्राने सरकारला दिलेल्या निवेदनांत याच्या तोडीचे दुसरे नाही. सभेचे अर्ज अधिक आकडेबाज होते, पण तो पैसा येतो कुणाकडून आणि जातो कुणाकडे, हे एवढे स्वच्छ कोणी सांगितले नव्हते.

फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे ‘दीनबंधु’ पत्र चालवत. त्यांनी अर्ज गिरणीत नेला. तेव्हा मुंबईच्या गिरण्यांत काम उजाडल्यापासून मावळेपर्यंत चाले आणि आठवड्याची सुट्टी नावाची गोष्टच नव्हती. यंत्रे साफ करायला थांबतील तेवढीच उसंत. १८८४ च्या सप्टेंबरात लोखंड्यांनी परळच्या बाजूला सुपारीबागेत कामगारांच्या सभा घेतल्या आणि ५,५०० सह्यांचे निवेदन कारखाना आयोगापुढे ठेवले. मागण्या वाचताना त्या माणसांचा दिवस डोळ्यांपुढे उभा राहतो. रविवारी पूर्ण सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावे आणि सूर्यास्ताला थांबावे. मागच्या महिन्याचा पगार निदान पंधरा तारखेच्या आत हाती पडावा. यंत्रात हात सापडून जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार, आणि कायमचा अधू झाला तर त्याच्या पोटाची काही तरतूद.

उत्तर लवकर आले नाही. लोखंडे थांबले नाहीत. पुन्हा निवेदन, पुन्हा सभा. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सच्या मैदानावर सुमारे १०,००० कामगार जमले, आणि त्या सभेत दोन कामगार बायकाही उठून बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणी मालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली. हा विजय अर्जाचा की मैदानावरच्या दहा हजारांचा? दोन्हींचा. कागदावर मागणी नेमकी होती म्हणून सभेत काय मागायचे ते ठरले होते, आणि सभा भरली म्हणून कागद वाचला गेला.

पुण्याची सभाही त्याच वाटेवर येत होती. १८९५ मध्ये तिची सूत्रे बाळ गंगाधर टिळकांच्या बाजूकडे गेली. रानडे, गोखले बाहेर पडले आणि त्यांनी पुढच्या वर्षी डेक्कन सभा काढली. १८९६ ला पुन्हा दुष्काळ पडला. या वीस वर्षांत एक महत्त्वाचा फरक झाला होता. १८८० च्या दुष्काळ आयोगाच्या शिफारशींवरून सरकारनेच दुष्काळाचे नियम, फॅमिन कोड, तयार केले होते. काम कधी काढायचे, मजुरी किती द्यायची, साऱ्याची तहकुबी कधी, सूट कधी, हे सगळे छापील. फक्त ते इंग्रजीत होते आणि कचेरीच्या कपाटात होते. टिळकांच्या सभेने त्यांचा मराठीत सारांश छापला आणि कार्यकर्ते खेड्यांत पाठवले. प्रा. शिवराम महादेव परांजपे, अच्युत सीताराम साठे असे लोक ठाणे, कुलाबा भागात हिंडून शेतकऱ्यांना सांगू लागले की, हा सरकारचाच कायदा आहे, त्यात तुम्हाला अमुक हक्क दिला आहे. पीक बुडाले असेल तर घरातली भांडी विकून सारा भरू नका.

पुण्याहून विलायतेला कितीही अर्ज गेले तरी सरकारने ते सहन केले होते. ही गोष्ट मात्र त्याला सहन झाली नाही. सभेच्या कार्यकर्त्यांवर खटले झाले. १८९७ च्या मार्चमध्ये लॉर्ड सँडहर्स्टच्या सरकारने जाहीर केले की, सार्वजनिक प्रश्नांवर सरकारशी पत्रव्यवहार करण्याचा सभेचा अधिकार यापुढे मानला जाणार नाही. सहा हजारांचे मुखत्यारपत्र सरकारने रद्द केले. अर्जाचा खरा वाचक खेड्यात बसला आहे, हे रानड्यांनी गोखल्यांना सांगितलेले सत्य सरकारलाही आता पटले होते, असेच म्हणावे लागेल.

सभेचे दार बंद झाले, पण अर्जाचे हत्यार तोवर तिच्या बाहेरच्या माणसांनी उचलले होते. १८९० नंतर इंग्रजांनी महारांची सैन्यभरती थांबवली. ज्यांच्या बापजाद्यांनी कंपनीच्या पलटणींत नोकरी केली त्यांना एका फटक्यात ‘लढाऊ जातींच्या’ बाहेर काढले गेले. दापोलीचे निवृत्त हवालदार गोपाळ बाबा वलंगकर यांनी १८९४ च्या सुमारास याविरुद्ध अर्ज तयार केला. रामजी सुभेदारांनी, म्हणजे डॉ. आंबेडकरांच्या वडिलांनी, अशाच अर्जासाठी रानड्यांची मदत घेतली होती असे आंबेडकरांच्या चरित्रांत सांगितले आहे. पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनी सासवडला ५१ गावांच्या महारांची सभा घेतली आणि सरकारकडे अर्ज केला. तो अर्ज फेटाळला गेल्यावर त्यांनी १९१० मध्ये थेट भारतमंत्री लॉर्ड क्रू यांना लिहिले: सैन्यात आणि पोलिसांत आमच्या माणसांना घ्या, माणूस म्हणून जगण्याची संधी द्या. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा १९१७ मध्ये महारांची पलटण उभी राहिली, आणि युद्ध संपताच काही वर्षांत मोडली. कायमची महार रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला उभी राहिली, कांबळ्यांच्या अर्जानंतर एकतीस वर्षांनी.